कागद तोच, अर्थ निराळा
हिंदीतील 'कागज' आणि त्याच्या गोतावळ्यातील शब्दांची ओळख

'राजीनामा' असे शीर्षक असलेला कागद मुंबईतील एखाद्या कार्यालयात साहेबांच्या टेबलावर आला, की कोणाची तरी नोकरी किंवा खुर्ची गेली, असे समजावे. याच शीर्षकाचा कागद जयपूर, रोहतक किंवा ग्वाल्हेरच्या न्यायालयात दाखल झाला, तर दोन पक्षांमधील भांडण मिटले, असा त्याचा अर्थ होतो. हिंदीत 'राजीनामा' म्हणजे तडजोडीचा लेख. पदत्यागासाठी तेथे 'इस्तीफा' हा शब्द आहे. लिपी तीच, अक्षरे तीच, उच्चारही जवळपास तोच. परंतु एका कागदाने घरात चिंता येते आणि दुसऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला जातो.

दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे. फारसीत 'नामा' म्हणजे लेख आणि 'राजी' म्हणजे संमत. दोघांच्या संमतीने वाद मिटला, म्हणून हिंदीत तो राजीनामा झाला. मराठीत स्वखुशीने हक्क सोडून देण्याच्या लेखाला हे नाव मिळाले. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील शेतकरी आपल्या ताब्यातील जमीन सरकारला सोडून देताना जो लेख करून देई, त्यालाही राजीनामाच म्हणत असत. जमिनीवरून हा शब्द पुढे पदावर आला आणि तेथेच स्थिरावला.

नोकरीतील बदली, शिक्षण, घरखरेदी किंवा कोर्टकचेरी यांमुळे मराठी माणसाचा हिंदी प्रदेशातील कागदांशी नित्य संबंध येतो. उलट मुंबई, पुणे, नाशिक येथे कामासाठी आलेल्या हिंदी भाषक कामगारांसमोर मराठी कागद येतात. दोघांनाही देवनागरी वाचता येते, आणि अडचण नेमकी येथेच आहे. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस दुसऱ्याला विचारतो. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाचा विचारत नाही. म्हणूनच कागदासारख्या रोजच्या वस्तूसाठी हिंदीत असलेले शब्द आणि त्यांचे नेमके अर्थ जाणून घेणे केवळ भाषेच्या हौसेपुरते उरत नाही.

समरकंदमार्गे आलेला शब्द

हिंदीतील 'कागज' आणि मराठीतील 'कागद' ही एकाच फारसी शब्दाची दोन रूपे आहेत. मूळ उच्चारात 'ग' आणि 'ज' या दोन्ही अक्षरांखाली नुक्ता येतो. आजची अनेक हिंदी वृत्तपत्रे मात्र नुक्ते गाळून 'कागज' असेच छापतात. या शब्दाची जुनी रूपे मध्य आशियातील सोग्दी भाषेत आढळतात. सोग्दी व्यापाऱ्यांचे प्रमुख शहर समरकंद होते. चीनमध्ये जन्मलेला कागद आठव्या शतकात याच समरकंदमध्ये तयार होऊ लागला आणि तेथून तो पश्चिमेकडे व दक्षिणेकडे पसरला. वस्तूबरोबर तिचे नावही प्रवास करीत भारतात आले.

भारतीय भाषांनी ते नाव आपापल्या जिभेला सोयीचे करून घेतले. बंगालीत ते 'कागोज' झाले, गुजरातीत 'कागळ', कन्नडमध्ये 'कागद', तेलुगूत 'कागितम्'. मराठीने 'द' ठेवला, तर आजच्या हिंदीने 'ज'. परंतु जुन्या हिंदीतही 'कागद' हे रूप चांगलेच रुळलेले होते. कबीराच्या नावावर असलेल्या रचनांत तेच येते. त्यामुळे 'कागद' हे रूप केवळ मराठीचेच आहे, असे मानण्याचे कारण नाही. गुजरातीत 'कागळ' म्हणजे कागद आणि टपालाने येणारे पत्रही. बंगालीत 'कागोज' वाचतो असे म्हटले, तर तो वर्तमानपत्र वाचतो, असा अर्थ होतो.

कागद बनविणाऱ्या कारागिरांना उत्तरेत 'कागजी' म्हणत. काश्मीरमध्ये पंधराव्या शतकात सुलतान झैनुल आबिदीन याच्या काळात या कलेला आश्रय मिळाला. पुढे उत्तर प्रदेशातील काल्पी, राजस्थानातील सांगानेर, गुजरातेतील अहमदाबाद येथे कागजी घराणी स्थिरावली. महाराष्ट्रात दौलताबाद-खुलताबाद परिसरातील कागजीपुरा या गावाचे नावच त्या व्यवसायावरून पडले. जुन्या चिंध्या, दोरखंड व सणाचे तंतू कुटून लगदा करायचा, त्याचे ताव उचलायचे, त्यांना खळ लावायची आणि दगडाने घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, अशी ही मेहनतीची पद्धत होती. मराठेशाहीच्या दफ्तरांत दौलताबादी व जुन्नरी कागदांची नावे आढळतात. कागदाची ओळख तो कोठून आला यावरून होत असे, हे त्यावरून दिसते.

'कागजी' हे विशेषण हिंदीत आणखी दोन दिशांनी गेले. पातळ सालीच्या वस्तूला ते सहज लागते. 'कागजी बादाम' म्हणजे बोटांनी फुटणाऱ्या पातळ कवचाचा बदाम आणि 'कागजी नींबू' म्हणजे मराठी बाजारातील कागदी लिंबू. दुसरा अर्थ उपहासाचा. प्रत्यक्षात काही न करता केवळ लेखी सोपस्कार करीत राहणे, याला हिंदीत 'कागजी घोड़े दौड़ाना' म्हणतात. मराठीतही कागदी घोडे आहेत. मात्र हिंदीत ते धावतात आणि मराठीत ते नाचवले जातात.

झाडाच्या पानापासून पुस्तकाच्या पानापर्यंत

कागद येण्यापूर्वी भारतात भूर्जपत्रावर आणि ताडपत्रावर लिहीत असत. 'पत्र' म्हणजे मुळात झाडाचे पान. लिहिण्याचे साधन बदलले, पण नाव तेच राहिले. प्रमाणपत्र, प्रश्नपत्र, घोषणापत्र, समाचारपत्र अशा असंख्य हिंदी शब्दांत हे पान आजही आहे. मराठीनेही तेच केले. मराठीत झाडाचे, पुस्तकाचे आणि विड्याचे अशी तिन्ही 'पाने'च होत.

हिंदीने मात्र 'पत्र' या एका मुळापासून निघालेल्या शब्दांना वेगवेगळी कामे वाटून दिली आहेत. झाडाचे पान म्हणजे 'पत्ता'. पत्त्यांच्या डावातील पानही 'पत्ता'च. मराठी माणूस घराचा 'पत्ता' विचारतो, तेव्हा हिंदीत 'पता' म्हणावे लागते. एका 'त'ने झाडाचे पान आणि घराचा ठिकाणा यांत फरक पडतो. लोकगीतांच्या हिंदीत प्रियजनांचे पत्र म्हणजे 'पाती'. मराठीत 'पत्रा' म्हटले, की छपरावरचा लोखंडी पत्रा डोळ्यांसमोर येतो. हिंदी प्रदेशातील भटजी मुहूर्तासाठी 'पत्रा' उघडतात, तेव्हा ते पंचांग असते.

यापेक्षाही गमतीचा शब्द 'पत्रावली' हा आहे. मराठी माणसाला पत्रावळ म्हटले, की लग्नाची पंगत आठवते. उत्तर प्रदेशातील सरकारी कार्यालयांत 'पत्रावली' म्हणजे फाइल. 'आपकी पत्रावली लंबित है' असे उत्तर मिळाले, तर आपले प्रकरण अडकले आहे, असे समजावे. दोन्ही शब्दांची फोड एकच, पानांची ओळ. जेवणाची पत्रावळ हिंदीत 'पत्तल' होते. मध्य प्रदेशात फाइलला 'नस्ती' म्हणतात. मंत्रालयात फेऱ्या मारणाऱ्यांना हा शब्द परका वाटणार नाही, कारण महाराष्ट्राच्या शासकीय मराठीतही तोच आहे.

पुस्तकाच्या पानासाठी हिंदीत 'पन्ना', 'पृष्ठ', 'सफा' आणि 'वरक' असे चार शब्द आहेत. 'पन्ना' हा बोलीतला, घरगुती शब्द. मतदारयादीच्या एका पानावरील मतदारांची जबाबदारी ज्या कार्यकर्त्याकडे असते, त्याला 'पन्ना प्रमुख' म्हणतात. भारतीय जनता पक्षाच्या निवडणूक यंत्रणेमुळे हा शब्द आता मराठी वाचकांनाही परिचित झाला आहे. 'पृष्ठ' हा संस्कृत शब्द पुस्तकी वापराचा. 'सफा' आणि 'वरक' हे अरबीतून आलेले. त्यांतील भेद बारीक, पण उपयोगी आहे. वरक म्हणजे संपूर्ण पान आणि सफा म्हणजे त्याची एक बाजू. म्हणून एका वरकाचे दोन सफे होतात.

'वरक' या शब्दाने मराठीत वेगळेच रूप घेतले. मिठाईवर लावला जाणारा चांदीचा 'वर्ख' तो हाच. अरबीत 'वरक' म्हणजे झाडाचे पानही. झाडाच्या पानावरून लिहिण्याच्या पानाला नाव देण्याची कल्पना संस्कृत आणि अरबी या एकमेकींशी नाते नसलेल्या दोन भाषांना स्वतंत्रपणे सुचली, असे दिसते. 'पन्ना'शी साम्य असलेला 'पन्नी' हा शब्दही लक्षात ठेवण्याजोगा आहे. चकचकीत कागदाला किंवा धातूच्या पातळ पापुद्र्याला पन्नी म्हणत. आज हिंदी प्रदेशातील भाजीबाजारात 'पन्नी' मागितली, तर हातात प्लास्टिकची पिशवी पडते.

एका परचाचे पाच अर्थ

हिंदी वृत्तपत्र वाचणाऱ्या मराठी वाचकाला सर्वाधिक चकवणारा शब्द 'परचा' हा असावा. तो 'पर्चा' असाही लिहितात. मूळ अर्थ कागदाचा तुकडा एवढाच. परंतु बातमी कोणत्या क्षेत्रातील आहे, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

परीक्षेच्या बातमीत 'परचा' म्हणजे प्रश्नपत्रिका. मराठीत पेपर फुटतो, तेथे हिंदीत 'परचा लीक' होतो. निवडणुकीच्या बातमीत 'परचा भरना' म्हणजे उमेदवारी अर्ज दाखल करणे आणि 'परचा खारिज' म्हणजे अर्ज बाद. रुग्णालयात 'परचा बनवाना' म्हणजे आपल्याकडील केसपेपर काढणे. डॉक्टरांनी औषधे लिहून दिलेली चिठ्ठीही परचाच. मोर्चात वाटला जाणारा परचा म्हणजे पत्रक. पंजाब आणि हरियाणात मात्र एखाद्यावर 'परचा दर्ज' झाला, असे म्हटले, तर पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, असा अर्थ होतो. परगावी नातेवाइकाच्या आजारपणाची किंवा अटकेची वार्ता फोनवर ऐकताना या दोन परचांतील फरक समजणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगायला नको.

परचाचे लहान रूप 'पर्ची'. पैसे भरल्यावर मिळते ती पर्ची, रांगेचा क्रमांक सांगते ती पर्ची आणि मतदानापूर्वी घरी येते ती 'मतदाता पर्ची'. उत्तर प्रदेशातील ऊसउत्पादक शेतकऱ्याच्या आयुष्यात 'गन्ना पर्ची'ला मोठे महत्त्व आहे. कारखान्याला ऊस केव्हा आणि किती घालायचा, हे ती ठरवते. पर्ची वेळेवर आली नाही, तर तोडलेला ऊस वाळतो किंवा शेत पुढच्या पिकासाठी मोकळे होत नाही. आता ही पर्ची मोबाइल फोनवर संदेशाच्या रूपाने येते. तिच्यात कागद उरलेला नाही, नाव मात्र पर्चीच राहिले आहे. हरियाणाच्या राजकारणात 'पर्ची-खर्ची' अशी जोडी प्रसिद्ध आहे. पर्ची म्हणजे पुढाऱ्याची शिफारसचिठ्ठी आणि खर्ची म्हणजे लाच. सरकारी नोकरी या दोन्हींशिवाय मिळावी, ही तेथील तरुणांची मागणी या दोन शब्दांत सामावलेली आहे.

'चिट्ठी' आणि मराठी 'चिठ्ठी' यांतही अंतर आहे. मराठीत चिठ्ठी म्हणजे दोन ओळींचा निरोप. हिंदीत टपालाने येणारे चांगले चार पानी पत्रही 'चिट्ठी'च असते. इंग्रजांनी हा शब्द भारतातून उचलला आणि त्याचे 'चिट' करून आपल्या शब्दकोशात ठेवला. 'चिट्ठा' हा त्याचा मोठा भाऊ, म्हणजे हिशेबाचा तक्ता. 'कच्चा चिट्ठा' मुळात कच्चा हिशेब. एखाद्याचा कच्चा चिट्ठा उघड करणे म्हणजे त्याची सारी गुपिते चव्हाट्यावर आणणे, असा अर्थ पुढे रूढ झाला. कच्च्या हिशेबात जे खरे असते, ते पक्क्या वहीत येतेच असे नाही, हा अनुभव त्यामागे असावा.

'पुर्जा' म्हणजे फाडलेला तुकडा. कागदाचाही पुर्जा असतो आणि यंत्राचाही. यंत्राच्या सुट्या भागांना हिंदीत 'कल-पुर्जे' म्हणतात. अतिचतुर, कोठेही काम साधून घेणाऱ्या माणसाला 'चलता पुर्जा' हे विशेषण लावले जाते. 'पुड़िया' म्हणजे मराठी पुडी. मराठीत अफवा पसरवणारा पुडी सोडतो, तर हिंदीत कपटी माणूस 'जहर की पुड़िया' ठरतो.

कागदाच्या दुकानात

कागद विकत घेतानाही काही शब्द माहीत असलेले बरे. 'दस्ता' म्हणजे २४ किंवा २५ ताव. फारसीत 'दस्त' म्हणजे हात. हातात मावतील इतके ताव म्हणजे दस्ता. हाच शब्द हिंदीत हत्यारांच्या मुठीला आणि पोलिसांच्या तुकडीलाही लागतो. 'आतंकवाद निरोधक दस्ता' म्हणजे दहशतवादविरोधी पथक. वीस दस्त्यांचा एक 'रीम'. पूर्वी रिमात ४८० ताव मोजत, आता ५०० मोजतात. 'रीम' हा शब्द इंग्रजीतून आला, असे वाटते आणि ते खरेही आहे. पण इंग्रजीने तो जुन्या फ्रेंचमधून घेतला आणि त्याचे मूळ अरबी 'रिज्मा' म्हणजे गठ्ठा हे आहे. युरोपला कागद अरबांकडून मिळाला, त्याची ही खूण.

मराठीतील पुठ्ठा हिंदीत 'गत्ता' किंवा 'दफ्ती' होतो. हिंदीत 'पुट्ठा' म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम जनावराचा मागचा मांसल भाग येण्याची शक्यता आहे. 'गत्ता' आणि 'गट्ठा' यांचीही गल्लत करू नये. गट्ठा म्हणजे आपला गठ्ठा. टीपकागद म्हणजे 'सोख्ता'. सुताराचा पॉलिश पेपर म्हणजे 'रेगमाल'. फारसीत 'रेग' म्हणजे वाळू आणि 'माल' म्हणजे घासणारा. वाळूने घासणारा कागद, हे वर्णन चोख आहे. जुन्या वह्यापुस्तकांच्या बांधणीत दिसणारा रंगांच्या लहरींचा कागद म्हणजे 'अबरी'. 'अब्र' म्हणजे ढग. ढगांसारखी नक्षी असलेला, म्हणून अबरी.

वर्तमानपत्राच्या कागदाला हिंदीत 'अखबारी कागज' म्हणतात. 'अखबार' हे अरबी 'खबर' या शब्दाचे अनेकवचन. म्हणजे एका अखबारात अनेक खबरा आधीच गृहीत धरलेल्या आहेत. मोगल दरबारातून निघणाऱ्या बातमीपत्रांनाही अखबारच म्हणत. देशातील वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना १९५०च्या दशकात मध्य प्रदेशातील नेपानगर येथे सुरू झाला. महाराष्ट्राच्या सीमेपासून हे गाव दूर नाही. वाचून झालेला अखबार बिहार व पूर्व उत्तर प्रदेशात 'ठोंगा' होतो, म्हणजे वाण्याची कागदी पिशवी. शेवटी तो 'रद्दी'त जातो. अरबी 'रद्द' म्हणजे नाकारलेले. रद्दी हा त्याचाच वंशज.

कचेरीच्या दारात

कागदाचे खरे वजन कचेरीत कळते. 'दफ्तर' या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील, लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कातड्याच्या नावात आहे. तेथून तो अरबी-फारसीमार्गे भारतात आला. मराठीने त्यातून कागदांचे बाड आणि शाळकरी मुलांची पिशवी असे अर्थ घेतले. पुण्यातील पेशवे दफ्तर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. हिंदीने ती बाडे ठेवण्याच्या जागेलाच 'दफ्तर' म्हटले. त्यामुळे हिंदीत वडील दफ्तरला जातात आणि मराठीत मुलगा दप्तर घेऊन शाळेत जातो.

'दस्तावेज' म्हणजे मराठी दस्तऐवज. यातही 'दस्त' म्हणजे हातच आहे. ज्याला हाताने धरून राहता येते, ज्याचा आधार घेता येतो, तो दस्तावेज. 'मसौदा' म्हणजे मसुदा. अरबीत त्याचा मूळ अर्थ 'काळा केलेला'. खाडाखोड करून शाईने काळा झालेला कागद, हे कच्च्या लिखाणाचे वर्णन आजही पटण्यासारखे आहे.

जमिनीच्या कागदांत मराठी माणसाला सातबारा माहीत असतो. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात 'खसरा' आणि 'खतौनी' असे दोन कागद पाहावे लागतात. खसरा भूखंडाच्या क्रमांकानुसार असतो आणि खतौनी खातेदारानुसार. खतौनीला आपल्याकडील आठ-अ उताऱ्याच्या जवळचा म्हणता येईल. राजस्थान, हरियाणा, पंजाब व बिहारमध्ये 'जमाबंदी'ची नक्कल मागतात. नागपूरकरांना 'खसरा क्रमांक' नवा नाही, कारण जुन्या मध्य प्रांताचा तो वारसा तेथे टिकून आहे. इतरांनी एवढे लक्षात ठेवावे, की हिंदीत 'खसरा' हे गोवर या रोगाचेही नाव आहे.

पोलिस ठाण्यातील कागदांची भाषा तर हिंदी भाषकांनाही समजत नाही. दिल्लीत प्राथमिक माहिती अहवालात फारसी-अरबी शब्दांचा भरणा असे. तक्रार ज्याची, त्यालाच ती वाचता येऊ नये, हे योग्य नाही, असा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने २०१९मध्ये सोप्या भाषेचा आग्रह धरल्यानंतर पोलिसांनी टाळावयाच्या ३८३ शब्दांची यादीच काढली. शब्द परके झाले, की कागद माणसाच्या हातात असूनही त्याचा राहत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

कागदावर मेलेला माणूस

हिंदीत 'कागज' हा शब्द एकटाच आणि विशिष्ट सुरात उच्चारला जातो, तेव्हा त्याचा अर्थ पुरावा असा होतो. 'कागज है?' या प्रश्नात कोऱ्या कागदाची चौकशी नसते. गाडी, जमीन, घर किंवा खुद्द माणूस यांचे अस्तित्व सिद्ध करणारा लेख दाखवा, अशी ती मागणी असते. मराठीतील 'कागदोपत्री' या शब्दात हाच अर्थ थोड्या वेगळ्या वाटेने आला आहे.

या अर्थाचे सर्वांत विदारक उदाहरण म्हणजे उत्तर प्रदेशातील आझमगड जिल्ह्याचे लाल बिहारी. कर्जासाठी कागद काढायला ते महसूल कचेरीत गेले, तेव्हा नोंदीनुसार आपण मृत आहोत, असे त्यांना कळले. त्यांच्या वाट्याची जमीन नातेवाइकांच्या नावावर चढली होती. १९७०च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेला हा संघर्ष १९९४पर्यंत चालला. तोवर त्यांनी स्वतःच्या नावापुढे 'मृतक' हे उपपद लावले, पत्नीसाठी विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज केला आणि १९८९मध्ये अमेठीतून राजीव गांधी यांच्या विरोधात निवडणूकही लढवली. निवडणुकीच्या निमित्ताने तरी आपले जिवंतपण सरकारी कागदावर यावे, हा त्यामागील हेतू होता. त्यांच्यासारखे अनेक 'मृत' पुढे आले आणि त्यांनी 'मृतक संघ' स्थापन केला. लाल बिहारी यांना २००३मध्ये इग नोबेल हा उपरोधिक पुरस्कार मिळाला. त्यांच्या जीवनावर सतीश कौशिक यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२१मध्ये आला. त्याचे नाव दुसरे काही असूच शकत नव्हते. ते होते 'कागज'.

मिर्झा गालिब यांच्या दिवाणाच्या पहिल्याच शेरात कागदाच्या वस्त्राचा उल्लेख आहे. त्याचा अर्थ विचारणाऱ्याला गालिब यांनी पत्रातून खुलासा केला होता, की इराणात फिर्यादी कागदाची वस्त्रे लेवून हाकिमापुढे जाण्याची प्रथा होती. न्याय मागणारा माणूस ओळखू यावा, यासाठी ती खूण असे. आज कागदाची वस्त्रे कोणी घालत नाही. पण तहसील कचेरीबाहेर प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची चळत छातीशी धरून बसलेला माणूस लखनौतही दिसतो आणि लातूरमध्येही.

संगणकाच्या युगात कागद कमी होत आहे. केंद्रीय अर्थसंकल्पाची कागदपत्रे निर्मला सीतारामन यांनी जुलै २०१९मध्ये ब्रीफकेसऐवजी लाल कापडातील 'बही-खात्या'च्या रूपात आणली. २०२१मध्ये त्या लाल वेष्टनात कागदाच्या जागी टॅब्लेट होता. कागद गेला, तरी 'बही-खाता' हे नाव राहिले. उसाच्या पर्चीचेही तेच झाले. शब्द टिकतात आणि त्यांच्याबरोबर हक्क, देणी व जबाबदाऱ्याही टिकतात. म्हणून सही करण्याचे ठिकाण कागदाचे असो वा पडद्याचे, वरचे शीर्षक ओळखीचे वाटले तरी त्याचा त्या प्रदेशातील अर्थ एकदा विचारून घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

चौकट : गफलत टाळण्यासाठी

राजीनामा : हिंदीत तडजोडीचा लेख. मराठीतील राजीनामा म्हणजे हिंदीत 'इस्तीफा' किंवा 'त्यागपत्र'.

बैनामा : विक्रीचा नोंदणीकृत लेख, म्हणजे मराठीतील खरेदीखत. 'बयाना' वेगळा, तो म्हणजे इसार.

मुख्तारनामा : मुखत्यारपत्र. आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा लेख.

हलफनामा : प्रतिज्ञापत्र. यालाच 'शपथपत्र' असेही म्हणतात.

वसीयतनामा : मृत्युपत्र.

रसीद : पैसे मिळाल्याची पावती.

पत्रावली : कार्यालयीन फाइल. जेवणाची पत्रावळ म्हणजे 'पत्तल'.

दफ्तर : कार्यालय. शाळेचे दप्तर म्हणजे 'बस्ता'.

परचा : संदर्भानुसार प्रश्नपत्रिका, उमेदवारी अर्ज, केसपेपर, पत्रक किंवा पोलिसांतील गुन्ह्याची नोंद.

लिफाफा : पत्राचे पाकीट. दिल्ली-पंजाबकडे दुकानातील पिशवीलाही लिफाफा म्हणतात.